लांब फेरीनंतरच बसणारी बॅटरी: जुन्या गाडीतल्या एका करंट-गळतीचा छडा

जुन्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरते, ही तक्रार काही नवी नाही. तिची कारणंही बहुतेक ठरलेली असतात: डिकीचा दिवा, नंतर बसवलेला स्टिरिओ, चिकटलेला रिले (विजेने चालणारा स्विच). या प्रकरणात असं एक ठरलेलं कारण खरोखरच सापडलं आणि ते दुरुस्तही झालं, पण बॅटरी बसायची ती बसतच राहिली. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

गाडी वीसेक वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. बॅटरी ४५ ॲम्पिअर-अवरची. म्हणजे एक ॲम्पिअर करंट साधारण ४५ तास पुरवू शकेल एवढी. मूळ वायरिंग बऱ्यापैकी शाबूत होतं. बाहेरून बसवलेल्या गोष्टी दोनच, स्टिरिओ आणि सेंट्रल लॉक. बॅटरी एकदा बदलून झाली होती आणि नवीही तशीच बसत होती, म्हणजे दोष बॅटरीत नव्हता हे उघड होतं. अर्थात वारंवार तळाला गेल्यामुळे नव्या बॅटरीचंही आयुष्य खर्ची पडत होतं. सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला असं पूर्ण रिकामं होणं सोसत नाही. प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते.

गाडीमालकांनी सांगितलेली एक गोष्ट आधीच्या कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. ते म्हणाले, "रोज जवळपास फिरवतो तेव्हा काही होत नाही. लांब जाऊन आलो, मधला एक दिवस गाडी उभी राहिली, की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं कट् कट्." यावर त्यांना सल्ला मिळाला होता की गाडी जास्त पळवत जा, बॅटरी नीट चार्ज होईल. त्यांनी तो मनापासून पाळला आणि त्रास वाढला.

लांब चालवल्यावर बॅटरी भरायला हवी, आणि इथे ती नेमकी तेव्हाच उतरते. अशी उलटी तक्रार आली की लोक ती योगायोग म्हणून सोडून देतात. मला ती सगळ्यात कामाची वाटते. लांब फेरीत गाडीत असं काय होतं जे छोट्या फेरीत होत नाही? इंजिन, वायरिंग, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र), सगळं आतपर्यंत तापतं. पण ही शंका बाजूला ठेवून आधी आकडेमोड केली.

किती करंट शोधायचा आहे?

मीटर हातात घेण्याआधी हे कागदावर मांडणं मला अत्यावश्यक वाटतं. बॅटरी ४५ ॲम्पिअर-अवरची. चालत्या गाडीत ती शंभर टक्के भरलेली क्वचितच असते, म्हणून ४० धरू. सेल्फ पुरता झोपायचा तर त्यातले तीसेक तरी जायला हवेत. संध्याकाळी गाडी लावली आणि परवा सकाळी ती सुरू झाली नाही, म्हणजे साधारण ३६ तास. ३० भागिले ३६ म्हणजे सुमारे ०.८ ॲम्पिअर. जुन्या, कमी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत बंद अवस्थेत घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी वगैरे मिळून २० ते ३० मिलिॲम्पिअर जाणं रास्त असतं. ५० पर्यंतही कुणी हरकत घेत नाही. म्हणजे आपण शोधतो आहोत ते या रास्त खर्चाच्या निदान पंचवीस-तीस पट. शोधताना याहून बरंच लहान काही हाती लागलं, तर तो दोष असेलही, पण बॅटरी उतरवणारा दोष तो नव्हे.

०.८ ॲम्पिअर म्हणजे ५ वॉटचे दोन बल्ब. त्यामुळे दिवे आधी बघितले. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवून डिकी लावली, मग ग्लव्ह बॉक्समध्येही तेच केलं. दोन्हीकडे झाकण लागताच काळोख. ही पायरी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. इथे मिटलं नाही.

थंड गाडीवरची मोजणी

गाडी आली ती चार्जरवर रात्रभर भरलेल्या बॅटरीनिशी, पूर्ण थंड. हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवला, थोडं थांबून व्होल्टेज घेतलं. १२.६ भरलं. ते बरोबर होतं. १२.२ भरलं तर बॅटरी अर्धी, आणि १२ च्या खाली गेलं तर जवळपास रिकामी समजायची. इंजिन सुरू केल्यावर टर्मिनलवर १४.२. इथवर अल्टरनेटरवर संशय घ्यावा असं काहीच नव्हतं.

मग मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिची केबल यांच्या मध्ये, लावला. यात हात पोळणारे पुष्कळ, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात हवी, मिलिॲम्पिअरच्या नव्हे, नाहीतर पहिल्याच झटक्याला मीटरचा फ्यूज जातो. काढायचं ते निगेटिव्ह टर्मिनल. पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, कारण सेल्फचा करंट शंभर ॲम्पिअरच्या घरातला असतो. आणि टर्मिनल थेट उचलायचं नाही. आधी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलपासून केबलच्या टोकापर्यंत एक जंपर वायर लावायची, मग टर्मिनल सोडवायचं, मीटर जोडायचा, आणि शेवटी जंपर काढायची. यामुळे सर्किट एक क्षणही तुटत नाही. सर्किट तुटून पुन्हा जुळलं की चिकटलेला रिले सुटतो, झोपलेलं मॉड्युल जागं होतं, आणि जे मोजायला आलो तेच बदलून जातं.

बॉनेट उघडं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, पण त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केलेलं, म्हणजे गाडीला दरवाजा लागलेला वाटावा. वीस मिनिटं थांबलो. काटा ठरला ०.१४ ॲम्पिअरवर.

रास्तपेक्षा जास्त. फ्यूज बॉक्सकडे वळलो. फ्यूज एकेक उपटत जाण्यापेक्षा मी ते जागेवर ठेवूनच मोजतो. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी धातूची टोकं असतात, त्यांवर मीटरची टोकं टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. फ्यूजला स्वतःचा अगदी किंचित रोध असतो. १० ॲम्पिअरच्या फ्यूजला साधारण ७-८ मिलिओहम. त्यातून ०.१ ॲम्पिअर जात असेल तर पाऊण मिलिव्होल्ट दिसतो, काहीच जात नसेल तर शून्य. यासाठी मीटरला ०.१ मिलिव्होल्ट वाचता यायला हवं. स्टिरिओच्या फ्यूजवर ०.८ मिलिव्होल्ट होते, बाकी सगळीकडे जवळपास शून्य.

डॅशमधून स्टिरिओ ओढून काढला आणि कारण समोर आलं. मागच्या पिवळ्या आणि लाल वायरी एकत्र पिळून टेप गुंडाळलेली. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. चावी न लावता गाणी ऐकता यावीत म्हणून कुणीतरी दोन्ही एक केल्या होत्या, त्यामुळे स्टिरिओ कधी झोपतच नव्हता. लाल वायर चावीच्या लाइनवर नेली. रीडिंग ०.०३.

गाडीमालकांचा चेहरा खुलला, पण मी त्यांना तिथेच आकडेमोड दाखवली. स्टिरिओ जास्तीचे ०.११ ॲम्पिअर खात होता. ३६ तासांत ४ ॲम्पिअर-अवर. ४५ च्या बॅटरीला त्याने ओरखडाही उमटत नाही. आपल्याला तीस गेलेले हवेत, सापडले चार. शिवाय स्टिरिओ रोजच जागा असायचा, छोट्या फेरीनंतरही. मग बॅटरी लांब फेरीनंतरच का बसावी? म्हणून त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी लांब जाऊन आलात की गाडी थंड होऊ न देता सरळ इकडे आणा, आणि वाटेत कुणालाही टर्मिनलला हात लावू देऊ नका.

गरम गाडीवरची मोजणी

गाडी आली ती काही तास सलग चालून, बॉनेटखालून धग मारत. या वेळी टर्मिनल काढण्याचा प्रश्नच नव्हता. डीसी क्लॅम्प मीटर घेतला, म्हणजे सर्किट न तोडता केबलभोवती चिमटा लावून एकाच दिशेने वाहणारा करंट (डीसी) मोजणारा. साधा क्लॅम्प फक्त एसी (दिशा बदलत राहणारा करंट) मोजतो, तो इथे निरुपयोगी. डीसी क्लॅम्प केबलच्या जवळच, त्याच कोनात धरून शून्य करून घ्यावा लागतो, कारण पृथ्वीचं आणि आसपासच्या लोखंडाचं चुंबकत्वही त्याला जाणवतं. शून्य केला, निगेटिव्ह केबलभोवती बसवला, गाडी बंद, दरवाजाचं लॅच दाबलेलं.

१.७ ॲम्पिअर.

पंधरा मिनिटांनी १.६. फ्यूजवर मिलिव्होल्ट बघत गेलो तर एकही फ्यूज बोलत नव्हता. म्हणजे दीड ॲम्पिअरच्या वर करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जात होता. या गाडीत असे जाड केबलचे रस्ते दोनच, एक सेल्फ मोटरकडे आणि दुसरा अल्टरनेटरकडे. सेल्फच्या केबलवर क्लॅम्प लावला तर शून्य, अल्टरनेटरच्या केबलवर १.६, आणि दिशा बॅटरीकडून अल्टरनेटरकडे. बंद गाडीत अल्टरनेटर बॅटरीला भरत नव्हता, उलट तिच्यातून पीत होता.

आता दोन छोट्या गोष्टी करून पाहिल्या. एक बारीक लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला. टोक हलकेच ओढलं गेलं आणि चिकटलं. इंजिन बंद, चावी खिशात, आणि रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा फिरणारा भाग, चुंबक झालेला! दुसरी गोष्ट, गाडीत बसून मीटर पॅनेलवर दोन्ही हातांचा आडोसा केला. बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा मंद, विझत्या निखाऱ्याएवढा उजळलेला होता. दिवसा आडोसा केल्याशिवाय तो दिसलाच नसता, आणि रात्री गाडी लावून गेल्यावर बंद गाडीच्या पॅनेलकडे कोण कशाला बघतं? गाडीमालक स्वतः वाकून बघून गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आत काय चाललं होतं

अल्टरनेटर आत एसी तयार करतो आणि सहा मोठे डायोड त्याचा डीसी करतात. तीन पॉझिटिव्ह बाजूला, तीन निगेटिव्ह बाजूला. डायोड हा करंटचा एकदिशा दरवाजा. अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. म्हणूनच अल्टरनेटरची जाड केबल बॅटरीला कायम जोडलेली असूनही गाडी बंद असताना काही गळत नाही. (जुन्या डायनॅमोच्या काळात हे काम कटआऊटचे पॉइंट करायचे, आणि ते चिकटले की बॅटरी डायनॅमोतून उलटी रिकामी व्हायची. दुखणं जुनंच आहे.)

आता एक पॉझिटिव्ह डायोड फुटला, म्हणजे करंटला उलटाही येऊ देऊ लागला, असं समजा. पहिल्या विचारात वाटतं, बॅटरीतून करंट उलटा आत शिरेल आणि अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या बॉडीत, जाईल. पण तसं होत नाही. आत शिरला तरी पुढे निगेटिव्ह बाजूचे डायोड त्याला अर्थकडे जाऊ देत नाहीत. त्याला दुसरी वाट सापडते. अशा जुन्या अल्टरनेटरमध्ये सहा मोठ्या डायोडबरोबर तीन छोटे डायोड असतात, रोटरच्या कॉइलला करंट पुरवण्यासाठी. फुटलेल्या डायोडमधून आलेला करंट स्टेटरच्या (न फिरणाऱ्या भागाच्या) वाइंडिंगमधून या छोट्या डायोडपर्यंत पोहोचतो, तिथून रोटर आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) यांच्यामार्गे अर्थला. म्हणून रोटर चुंबक होतो. चार्जिंगचा लाल दिवाही याच टोकाला जोडलेला असतो. चावी बंद असताना दिव्याची दुसरी बाजू चावीच्या लाइनवर असते, जिच्यात तेव्हा वीज नसते, म्हणून थोडा करंट दिव्यातून तिकडे जातो आणि दिवा मंद पेटतो. स्क्रू-ड्रायव्हर आणि दिवा या दोन्ही खुणांचं मूळ एकच.

डायोड पूर्ण शॉर्ट असता तर गळती तीन-चार ॲम्पिअरची झाली असती, थंडगरम न बघता, आणि गाडी पहिल्याच रात्री आडवी पडली असती. इथला डायोड अर्धवट होता. गरम झाल्यावरच गळणारा. सिलिकॉन डायोडची उलटी गळती तापमानाबरोबर वाढतेच, निरोगी डायोडमध्ये ती नगण्य असते इतकंच. दुखावलेल्या डायोडमध्ये ती हाताबाहेर जाते. आणि एकदा गळू लागला की तो स्वतःच स्वतःला ऊब देतो. त्याच्यावर सहाएक व्होल्ट पडत असतील आणि दीड ॲम्पिअर जात असेल, तर नऊ-दहा वॉट उष्णता त्या चिमुकल्या डबीत तयार होते. इंजिन थंड होतं, पण डायोड नाही. दोन तासांनी मोजलं तेव्हा बाकी बॉनेट कोमट झालं होतं, अल्टरनेटरची मागची बाजू मात्र हाताला स्पष्ट ऊन लागत होती आणि क्लॅम्प १.३ वर स्थिरावला होता.

याच ठिकाणी आधीच्या तपासण्या का चुकत गेल्या तेही कळलं. सकाळी गाडी बसलेली, बॅटरी काढून चार्जिंगला, तोवर डायोड गार. परत जोडून मोजलं की सगळं ठीक. छोट्या फेरीत तो गळण्याइतका तापतच नाही. मी मुद्दाम त्या दिवशी टर्मिनल अर्धा तास काढून ठेवलं आणि मग मोजलं. ०.०३. रोगी साफ बरा, पुढच्या लांब फेरीपर्यंत.

गरम इंजिन पुन्हा चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर व्होल्टेज घेतलं, ते १३.३. थंड गाडीवर १४.२ होतं. मीटर एसी व्होल्टवर टाकला तर ०.५ च्या आसपास तरंग, म्हणजे डीसीत मिसळलेला एसीचा अंश, दिसले. निरोगी अल्टरनेटरला ते ०.१ च्या आत असतात. म्हणजे लांब फेरीत दुहेरी नुकसान होत होतं. बॅटरी पुरती भरत नव्हती, आणि जेवढी भरे तेवढीही उभ्या गाडीत गळून जात होती. गाडीमालकांना तेव्हा आठवलं की लांब गेल्यावर रेडिओत इंजिनच्या चढउताराबरोबर शीळ यायची. तिचा दोष ते स्टिरिओला देत होते.

टेबलावर

अल्टरनेटर उतरवला, डायोड प्लेटवरून स्टेटरची टोकं डिसोल्डर केली. मीटरच्या डायोड मोडवर नऊच्या नऊ डायोड पास. सरळ दिशेने अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, उलट दिशेने काही नाही. याने फसायचं नाही. मीटर डायोडला दोन-तीन व्होल्टने आणि मिलिॲम्पिअरभर करंटने विचारतो. गाडीत त्याला १२ व्होल्ट झेलायचे असतात, तेही तापलेल्या अवस्थेत. म्हणून एकेका डायोडला उलट दिशेने १२ व्होल्ट दिले, मध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये घालून, आणि हॉट एअर गनने हळूहळू तापवलं. पहिले दोन थंडपणे सोसून गेले. तिसऱ्याला मिनिटभर ऊब लागली आणि बल्बची तार आधी तांबूस, मग नारिंगी झाली. गन बाजूला घेतली तरी ती लगेच विझली नाही.

सुटा डायोड दाबून बसवता येतो, पण त्याच प्लेटवरच्या बाकीच्यांनी तीच उष्णता इतकी वर्षं भोगलेली असते. पूर्ण डायोड प्लेट बदलली. उघडलंच होतं म्हणून कार्बन ब्रश बघितले, ते आखूड झाले होते, तेही बदलले. बेअरिंग ठीक होते.

डायोड का गेला? खात्रीने सांगता येत नाही. वय हे एक कारण आहेच. पण गाडीमालकांच्या बोलण्यातून एक गोष्ट निघाली. पूर्वी एका ठिकाणी अल्टरनेटर चार्जिंग करतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं होतं. ही जुनी सवय अजून गेलेली नाही. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं, आणि ते झेलायला समोर डायोड आणि ईसीयू हेच असतात. साधा व्होल्टमीटर तेच काम काहीही न मोडता करतो. दुसरा ताण पूर्ण बसलेल्या बॅटरीचा. जंप स्टार्ट करून लगेच लांब निघालं की अल्टरनेटर कितीतरी वेळ पुऱ्या क्षमतेने करंट ढकलत राहतो आणि तापतो. बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेण्यापेक्षा चार्जरवर भरावी. इथे तर "लांब चालवा, भरेल" या सल्ल्याने दुखरा डायोड आणखी भाजला जात होता.

दुरुस्तीनंतर गाडी तशीच लांब चालवून गरम आणायला सांगितली; थंड गाडीवरचं रीडिंग मी दुरुस्तीचा पुरावा मानायला तयार नव्हतो. क्लॅम्पवर ०.०३. गरम इंजिनावर दिवे आणि ब्लोअरसह १४.१, तरंग ०.०३ व्होल्ट. स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगला चिकटला नाही, लाल दिवा पूर्ण काळा. बॅटरी चार्जरवर भरून लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून केलेली चाचणी) केली. चालण्याजोगी आहे, पण नवी असताना होती तेवढी राहिलेली नाही. ती आणखी किती काळ काढेल ते बघायचं. स्टिरिओ मात्र आता चावी लावल्याशिवाय वाजत नाही, आणि ही एक तक्रार गाडीमालकांनी माझ्याकडे रीतसर नोंदवली आहे.